पेन वर्ल्ड टेबल : नशीब आणि गुंतवणूक एकाच तक्त्यात

देशांच्या आर्थिक वाढीविषयी पुराव्यानिशी बोलू इच्छिणाऱ्या कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशी साधने थोडीच आहेत आणि त्यांत ‘पेन वर्ल्ड टेबल’ या आकडेवारीच्या संचाला मी सर्वांत वरचे स्थान देतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तो कोणतीही नोंदणी न करता उतरवून घेता येतो. येथे परीक्षण केलेली १०.०१ ही आवृत्ती १८३ देशांची १९५० ते २०१९ या काळातील माहिती देते. या संचाचे उपयोग अनेक आहेत, परंतु मी तो मुख्यतः एकाच प्रश्नासाठी वापरत आलो आहे : एखाद्या देशाची भरभराट झाली तर तिच्यात दैवाचा वाटा किती आणि गुंतवणुकीच्या धोरणाचा किती? त्यामुळे हे परीक्षणही त्या प्रश्नाच्या अंगानेच केलेले आहे.

संचाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही त्यातूनच आलेल्या आहेत. डॉलरच्या विनिमय दराने वेगवेगळ्या देशांच्या उत्पन्नाची तुलना केली तर गरीब देश आहेत त्याहून अधिक गरीब दिसतात, कारण तेथे केशकर्तनापासून घरभाड्यापर्यंत अनेक सेवा स्वस्त असतात. ही अडचण दूर करण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्व्हिंग क्रॅव्हिस, अॅलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स यांनी १९६८ पासून देशोदेशीच्या प्रत्यक्ष किमती गोळा करून क्रयशक्तीवर आधारित तुलनेचे काम हाती घेतले, आणि त्यातूनच हा तक्ता आकाराला आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८.० या आवृत्तीपासून त्याची जबाबदारी ग्रोनिंगेन आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांकडे, म्हणजे रॉबर्ट फीन्स्ट्रा, रॉबर्ट इंकलार आणि मार्सेल टिमर यांच्याकडे आली. नावातला ‘पेन’ मात्र कायम राहिला.

या हस्तांतरात झालेला एक बदल आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी तक्त्यात वास्तव सकल उत्पादनाचा एकच मुख्य आकडा असे. आता दोन आहेत. ‘आरजीडीपीई’ हा खर्चाच्या बाजूने मोजलेला आकडा आहे. देशातील लोक आपल्या उत्पन्नातून किती वस्तू आणि सेवा घेऊ शकतात, हे तो सांगतो. ‘आरजीडीपीओ’ हा उत्पादनाच्या बाजूने मोजलेला आकडा आहे. देशाची प्रत्यक्ष उत्पादनक्षमता किती, हे तो सांगतो. दोहोंमधील फरक प्रामुख्याने व्यापारशर्तींमुळे, म्हणजे निर्यातीच्या आणि आयातीच्या किमतींच्या परस्पर प्रमाणामुळे पडतो. एखाद्या देशाने एक पोतेही जास्त पिकवले नाही, पण त्याच्या पिकाचा जागतिक भाव दुप्पट झाला, तर पहिला आकडा वर जाईल आणि दुसरा जवळपास जागेवर राहील. लहान देशाच्या हातात जागतिक भाव नसतो. म्हणून या दोन स्तंभांमधली तफावत हे दैवाच्या निदान एका प्रकाराचे मोजमाप ठरते, आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या, इतक्या देशांच्या आकडेवारीत ते तयार स्वरूपात मिळणे ही माझ्या मते या संचाची सर्वांत मोठी देणगी आहे.

हे प्रत्यक्षात कसे उपयोगी पडते ते आयव्हरी कोस्टच्या ओळी उघडल्या की ध्यानात येते. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना प्रांतात पडलेल्या हिमतुषाराने तेथील कॉफीच्या बागा जळून गेल्या आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत कॉफीचे जागतिक भाव कित्येक पटींनी चढले. कोकोचे भावही त्याच सुमारास वधारले. आयव्हरी कोस्टला या दोन्ही पिकांचा लाभ झाला. शेतमाल विकत घेणाऱ्या सरकारी मंडळाने शेतकऱ्याला ठरावीक दर देऊन मधली मोठी रक्कम आपल्याकडे ठेवली, आणि सरकारने ती रक्कम, शिवाय तिच्या भरवशावर परदेशातून काढलेली कर्जे, सार्वजनिक प्रकल्पांत ओतली. भाव उतरले तेव्हा अर्धवट प्रकल्प आणि कर्जाचे हप्ते मागे राहिले, आणि १९८७ मध्ये देशाला परतफेड थांबवावी लागली. हा इतिहास मनाशी ठेवून १९७५ ते १९८७ या वर्षांतील उत्पन्नाचे दोन स्तंभ, गुंतवणुकीच्या वाट्याचा स्तंभ आणि निर्यात-आयातीच्या किंमतपातळीचे स्तंभ शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. त्या वर्षांत गुंतवणुकीचा दर वाढला हे खरेच. पण ती वाढ धोरणाने घडवली की चढ्या भावाने, असा प्रश्न तिथे लगेच उभा राहतो. गुंतवणूक वाढली म्हणून विकास झाला, असे सरसकट विधान करणाऱ्याने एवढे तरी वाचलेले असावे अशी माझी अपेक्षा आहे.

दैवाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा याच तक्त्याच्या जुन्या आवृत्तीतून निघाला होता. विल्यम ईस्टर्ली, मायकेल क्रेमर, लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, एका दशकातील वाढीच्या दराचा दुसऱ्या दशकातील दराशी असणारा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नाते नाही, एक म्हणजे पूर्ण नाते) फारच क्षीण, साधारण ०.१ ते ०.३ एवढाच असतो; उलट शिक्षण, गुंतवणूक यांसारखी देशांची वैशिष्ट्ये दशकामागून दशके बरीचशी तशीच राहतात आणि त्यांचा सहसंबंध ०.६ ते ०.९ इतका असतो. जी गोष्ट फारशी बदलत नाही ती दर दशकाला बदलणाऱ्या गोष्टीचे मुख्य कारण कशी असेल, हा त्यामागचा युक्तिवाद आहे, आणि व्यापारशर्तींसारखे बाहेरून बसणारे धक्के वाढीतील चढउतारांचा मोठा भाग समजावून देतात, हा निष्कर्ष. हा युक्तिवाद मला पटतो, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. तो दहा वर्षांच्या वाढीविषयी बोलतो, पन्नास वर्षांनी देश कोणत्या पातळीवर पोहोचला याविषयी नाही. १९५० पासूनच्या ओळी हाताशी असल्यामुळे वाचकाला हे दोन्ही अंतर स्वतः मोजून पाहता येतात. दहा वर्षांची खिडकी घेतली की यादी सतत ढवळत राहते. चाळीस-पन्नास वर्षांची घेतली की दक्षिण कोरिया, सिंगापूर, बोट्स्वाना अशी काही नावे ठामपणे वर राहतात.

आता गुंतवणुकीच्या स्तंभांकडे वळू. ‘सीएसएच-आय’ या नावाच्या स्तंभात सकल भांडवलनिर्मितीचा उत्पादनातील वाटा दिलेला असतो, आणि ‘पीएल-आय’ मध्ये गुंतवणुकीच्या वस्तूंची किंमतपातळी. ही दुसरी बाब नवा वापरकर्ता हमखास ओलांडून पुढे जातो, तसे करू नये. गरीब देश बचत आणि गुंतवणूक कमी करतात म्हणून गरीब राहतात, अशी समजूत रूढ आहे. चँग-ताय श्ये आणि पीटर क्लेनाऊ यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, देशांतर्गत किमतींनी हिशेब केला तर गरीब आणि श्रीमंत देशांच्या गुंतवणूक दरांत फारसा पद्धतशीर फरक राहत नाही. फरक दिसतो तो आंतरराष्ट्रीय किमतींनी मोजल्यावर. गरीब देशात उपभोगाच्या वस्तू तुलनेने स्वस्त असतात, यंत्रे मात्र स्वस्त नसतात. म्हणजेच उत्पन्नाचा तितकाच हिस्सा बाजूला काढूनही त्याला हाती कमी यंत्रे पडतात. धोरणाचा विचार करणाऱ्यासाठी या फरकाचा अर्थ मोठा आहे : लोकांनी अधिक बचत करावी म्हणून मोहिमा काढण्यापेक्षा यंत्रांवरचा आयातकर, बंदरातील दिरंगाई आणि परवान्यांचा खर्च यांकडे पाहणे अधिक फलदायी ठरू शकते, आणि त्याहूनही मूलभूत म्हणजे यंत्रे किंवा त्यांच्या बदल्यात देता येईल असा निर्यातमाल बनवण्याची उत्पादकताच कमी आहे का, हे तपासणे. हा सगळा विचार एका दुर्लक्षित स्तंभातून सुरू होतो.

तक्त्याची सर्वांत मोठी उणीवही गुंतवणुकीशीच निगडित आहे. देशाचा भांडवलसाठा काढण्यासाठी वर्षानुवर्षांची गुंतवणूक जोडत जायची आणि दरवर्षी त्यातून घसारा वजा करायचा, अशी पद्धत येथे वापरली आहे. इमारती, यंत्रसामग्री, वाहने आणि इतर मालमत्ता असे चार वेगळे गट करून प्रत्येकाला वेगळा घसारा लावला आहे, हे कौतुकास्पद आहे. परंतु जो रुपया, डॉलर किंवा नायरा (नायजेरियाचे चलन) खर्च झाला त्यातून तेवढ्याच मोलाचे भांडवल उभे राहिले, हे गृहीत मात्र तसेच राहते. लँट प्रिचेट यांनी या गृहीतावर विशेषतः सरकारी गुंतवणुकीच्या संदर्भात कठोर आक्षेप घेतला आहे, आणि तो योग्य आहे.

दोन पोलाद कारखान्यांचे उदाहरण घ्या. दक्षिण कोरियातील पोहांग येथील कारखान्याची कंपनी १९६८ मध्ये स्थापन झाली. पाश्चात्त्य कंपन्यांच्या ज्या गटाकडून अर्थसाहाय्याची आशा होती त्याने माघार घेतली, कारण जागतिक बँकेच्या मते एवढा मोठा कारखाना त्या देशाला परवडणारा नव्हता. त्यानंतर १९६५ च्या करारानुसार जपानकडून मिळालेल्या निधीचा काही भाग तिकडे वळवण्यात आला आणि १९७३ मध्ये उत्पादन सुरू झाले. नायजेरियात तेलाच्या पैशाच्या आधारावर सोव्हिएत साहाय्याने अजाओकुटा येथील पोलाद प्रकल्पाचे काम १९७९ च्या सुमारास सुरू झाले. त्याची मुख्य झोतभट्टी आजवर व्यावसायिक उत्पादनात आलेली नाही. राष्ट्रीय हिशेबात दोन्ही ठिकाणी झालेला खर्च ‘भांडवलनिर्मिती’ म्हणूनच नोंदला जातो. अजाओकुटावरचा खर्च भांडवलसाठ्यात बसून राहतो, त्यातून उत्पादन निघत नाही, आणि मग हिशेबात दोष उत्पादकतेच्या स्तंभावर ढकलला जातो : देश भांडवलाचा नीट वापर करत नाही, असे चित्र दिसते, तर मुळात तेवढे भांडवल उभेच राहिलेले नसते. भांडवल आणि उत्पादकता यांच्यात वाढीचे श्रेय वाटून देणारे जे असंख्य तक्ते या संचावरून तयार केले जातात, ते वाचताना ही गोष्ट डोळ्यांआड होता कामा नये.

कोरियाचा गुंतवणूक दर १९६० च्या सुमारास दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होता आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी पस्तीस टक्क्यांच्या वर गेला होता. ही वाढ केवळ दैवाने झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही जपानसारखा वेगाने वाढणारा शेजारी, अमेरिकेची बाजारपेठ आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात मिळालेली कामे हे योगायोग त्या देशाच्या वाट्याला आले होते, आणि हे तक्त्यातील कोणत्याही एका स्तंभात सापडत नाहीत. दोन उत्पन्न-स्तंभांमधला फरक किमतींचे नशीब पकडतो. शेजाऱ्याचे, हवामानाचे आणि युद्धाचे नशीब पकडत नाही.

भूगर्भाचे नशीब तर तो उलट बाजूला टाकतो. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. हिऱ्यांचे उत्पादन हे उत्पादनच असल्याने ‘आरजीडीपीओ’ मध्ये ते पूर्णपणे देशाची उत्पादनक्षमता म्हणून येते. दैव येथे कर्तृत्वाच्या स्तंभात बसलेले असते. अर्थात बोट्स्वानाच्या बाबतीत कर्तृत्वही खरे आहे. सेरेत्से खामा यांच्या सरकारने १९६७ मध्ये खनिजांवरील हक्क जमातींकडून राज्याकडे घेतले, आणि ओरापा खुद्द खामा यांच्या जमातीच्या प्रदेशात असतानाही हे केले. पुढे हिऱ्यांचे उत्पन्न रस्ते, शाळा आणि आरोग्य यांत गेले, आणि उरलेले पुला निधीत, म्हणजे देशाच्या बचतनिधीत, साठवले गेले. सिएरा लिओनमध्येही हिरे होते, आणि ते १९३० मध्येच सापडले होते. पण १९९१ ते २००२ च्या यादवी युद्धात त्याच हिऱ्यांनी बंदुका विकत घेतल्या. येथेही घाईने धोरणाला सारे श्रेय देऊ नये. बोट्स्वानाचे हिरे खोल खडकात आहेत, तेथे अवजड यंत्रे लागतात आणि खाणीला कुंपण घालता येते. सिएरा लिओनचे बरेचसे हिरे नदीपात्रांच्या वाळूत विखुरलेले आहेत, फावडे आणि चाळण घेऊन कोणीही ते काढू शकतो. म्हणजे हिरे मिळण्याचे नशीब दोघांचे सारखे दिसले तरी ते राखण्याचे नशीब सारखे नव्हते. माझ्या समजुतीने नशीब आणि धोरण यांच्या नात्याचा गाभा येथेच आहे : दैव संधी देते तेव्हा ती सांभाळण्याची अडचणही कमी-अधिक करून देते, आणि धोरणाचे मूल्यमापन त्या अडचणीच्या मानाने व्हायला हवे. तक्ता यासाठी आवश्यक असलेली अर्धी सामग्री पुरवतो. उरलेली इतिहासातून आणावी लागते.

आणखी एक गोष्ट वापरकर्त्याने सुरुवातीलाच जाणून घ्यावी. मिळालेला लाभ देशात खर्च न करता परदेशात गुंतवून ठेवणे हे अनेकदा सर्वांत शहाणपणाचे गुंतवणूक धोरण असते. नॉर्वेने १९९० मध्ये आपल्या तेलनिधीचा कायदा केला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम भरली. चिलीने २००१ पासून तांब्याच्या दीर्घकालीन भावावर अंदाजपत्रक बेतण्याचा नियम पाळला, २००३ नंतरच्या तेजीत पैसा साठवला आणि २००९ च्या मंदीत तो वापरला. परंतु परदेशातील मालमत्ता देशांतर्गत भांडवलसाठ्यात धरली जात नाही. त्यामुळे अशा देशांचे संयमी धोरण गुंतवणुकीच्या स्तंभात दिसतच नाही. निर्यात आणि आयात यांच्या वाट्यांमधील फरकावरून त्याचा माग काढता येतो एवढेच. केवळ गुंतवणूक दरावरून देशांची क्रमवारी लावणारा माणूस नॉर्वेवर अन्याय करील आणि भाव चढताच उधळपट्टी करणाऱ्याला शाबासकी देईल.

आकड्यांच्या विश्वासार्हतेविषयी एक ताकीद द्यायला हवी. सायमन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६.१ आणि ६.२ या लागोपाठच्या आवृत्त्यांची तुलना केली, तेव्हा इक्वेटोरियल गिनी हा देश १९७५ ते १९९९ या काळासाठी एका आवृत्तीत आफ्रिकेतील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांत दुसरा आणि दुसऱ्या आवृत्तीत अगदी शेवटचा असल्याचे आढळले. तेव्हापासून पद्धत सुधारली आहे. जुन्या आवृत्त्याही संकेतस्थळावर ठेवलेल्या असल्याने कोणाचाही निष्कर्ष पडताळून पाहता येतो, आणि कोणता आकडा प्रत्यक्ष सर्वेक्षणाचा, कोणता दोन सर्वेक्षणांमधून काढलेला आणि कोणता पुढे-मागे ताणलेला, हे दाखवणारे खास स्तंभ जोडलेले आहेत. आयात-निर्यातीच्या किमतींसाठी तर ते स्तंभ पाहिल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नये, कारण मी वर ज्याला नशिबाचे मोजमाप म्हटले त्याची सारी भिस्त त्याच किमतींवर आहे. लहान आणि गरीब देशांच्या बाबतीत ही खबरदारी दुप्पट लागते. दुर्दैवाने दैवाचे फटके सर्वांत जास्त बसतात तेही हेच देश.

वापरण्याच्या दृष्टीने संच साधा आहे. एक्सेलच्या फाइलमध्ये माहिती, स्तंभांचे अर्थ आणि प्रत्यक्ष आकडे अशी तीन पाने आहेत. दुसरे पान पूर्ण वाचल्याशिवाय तिसरे उघडू नये, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगेन. काळाच्या ओघात वाढ मोजायची असेल तर राष्ट्रीय हिशेबावर आधारलेला ‘आरजीडीपीएनए’ हा स्तंभ घ्यावा, देशादेशांत पातळीची तुलना करायची असेल तर ‘आरजीडीपीई’ आणि ‘आरजीडीपीओ’ हे दोन घ्यावेत. हा सल्ला स्वतः निर्मात्यांनीही दिलेला आहे आणि तरीही तो वारंवार मोडला जातो. जागतिक बँकेची आकडेवारी अधिक ताजी आणि विषयांनी विस्तृत असते, पण भांडवलसाठा, मानवी भांडवलाचा निर्देशांक आणि उत्पादकता एकाच ठिकाणी, सत्तर वर्षांच्या पल्ल्यासह तेथे मिळत नाहीत.

धोरणाचा अभ्यास करणाऱ्याला एक उणीव मात्र सतत जाणवते. गुंतवणूक कोणत्या प्रकारच्या मालमत्तेत झाली हे येथे कळते, ती सरकारने केली की खाजगी क्षेत्राने हे कळत नाही, आणि गुंतवणूक धोरणाचा अर्धा वाद तर याच विभागणीवर उभा आहे. मॉरिशसने १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा केला, १९७४ च्या सुमारास साखरेचे भाव चढल्यावर मळेवाल्यांचा नफा कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत गेला. आयव्हरी कोस्टमध्ये तेच दशक, तसाच लाभ, पण पैसा सरकारी प्रकल्पांत गेला. तक्त्यात हा भेद दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या गुंतवणूक आणि भांडवलसाठा या संचात १९६० पासून सरकारी आणि खाजगी गुंतवणूक वेगवेगळी दिलेली आहे. म्हणून या विषयावर काम करणाऱ्याने दोन्ही फाइली उतरवून घ्याव्यात, देशाचा संकेत आणि वर्ष यांवरून त्या जोडाव्यात, आणि ग्रोनिंगेनच्या मंडळींनी पुढच्या एखाद्या आवृत्तीत हा एक स्तंभ आपल्याच तक्त्यात आणावा, अशी मी त्यांना मनापासून विनंती करतो.